डाइव्ह कॉम्प्युटर

डाइव्ह कॉम्प्युटर : पाणबुड्याची खोली व वेळ सतत मोजून त्याच्या शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनाचा अंदाज बांधणारे, आणि त्यावरून वर येण्याचा वेग व थांबे सुचवणारे, बहुधा मनगटावर बांधण्याचे उपकरण. समुद्रात दर १० मी. खोलीमागे दाब सुमारे १ बारने (म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो. या दाबाखाली ऊतकांत मुरलेला वायू पाणबुड्या झपाट्याने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो व सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात. ते टाळण्यासाठी दाब बेताबेताने कमी करण्यास विसंपीडन म्हणतात.

या गणिताचा पाया ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन व सहकाऱ्यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत आहे. त्यांनी शरीराचे ५ ते ७५ मिनिटे अर्धकालाचे (कप्पा वायूने निम्मा भरण्यास लागणाऱ्या काळाचे) पाच काल्पनिक कप्पे मानले; झुरिक येथील वैद्यक ए. ए. ब्यूलमान यांच्या प्रतिमानात (गणिती नमुन्यात) ते सोळा झाले. पहिले उपकरण कोणते, याविषयी एकमत नाही. इटलीतील एसओएस विसंपीडन-मापक (१९५९) हा मान अनेकदा मिळवतो. त्यात पाण्याच्या दाबाने पिशवीतील वायू सच्छिद्र चिनी मातीच्या तुकड्यातून बंद कोठीत झिरपे व तेथील दाब काट्याने दर्शवला जाई. मात्र अमेरिकी नौदलासाठी फॉक्सबरो कंपनीने बनवलेले यंत्र त्याआधीचे, बहुधा १९५५ च्या सुमाराचे असल्याने, नौदलाने ते स्वीकारले नसले तरी, अग्रमान त्यालाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. अंकीय उपकरणे १९८३ च्या सुमारास बाजारात आली.

पहिला थांबा किती खोलीवर घ्यावा, हा अधिक महत्त्वाचा वाद होय. बुडबुडा-प्रतिमानांचे (केवळ विरघळलेल्या वायूऐवजी बुडबुड्यांची वाढ हिशेबात धरणाऱ्या प्रतिमानांचे) पुरस्कर्ते खोल थांब्यांचा आग्रह धरत. अमेरिकी नौदलाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १७० फुटांवर ३० मिनिटे घालवल्यानंतर एकूण थांबण्याचा काळ सारखाच ठेवला असता, खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत ११ जणांना, तर उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत ३ जणांना विकार झाला. ती परिस्थिती हौशी पाणबुड्यांची नव्हती, हा आक्षेप रास्त असला, तरी त्यानंतर झुकाव उथळ थांब्यांकडे दिसतो. अनेक उपकरणांत ही निवड ‘३०/७०’ अशा जोडीने करतात: पहिला आकडा पहिल्या थांब्याशी आणि दुसरा पृष्ठभागाशी, प्रतिमानाने मान्य केलेल्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे ते ठरवतो. पहिला आकडा लहान केल्यास थांबा खोल जातो, म्हणून तो कमी करणे म्हणजे हमखास अधिक सुरक्षितता, असे नव्हे.

उपकरण रक्तातील वायू मोजत नाही. थंडी, श्रम व निर्जलीकरण यांचा परिणाम ते बहुतांशी गृहीत धरत नाही. म्हणून सावधगिरीची पातळी व टाकीतील ऑक्सिजनचे प्रमाण पाण्यात उतरण्यापूर्वीच भरावे लागते. आधीच्या बुडीतील उरलेला वायूही हिशेबात धरला जात असल्याने प्रत्येकाने दिवसभर स्वतःचेच उपकरण वापरावे. जोडीदाराच्या उपकरणावर विसंबू नये. विसंपीडन थांबे आवश्यक नसलेल्या बुडीनंतरही सुमारे ५ मी. खोलीवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. विमानप्रवासापूर्वी अशा एका बुडीनंतर किमान १२ तास, व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याची शिफारस आढळते. डोंगराळ भागातील सरोवरांत हवेचा दाब मुळातच कमी असल्याने उंचीनुसार वेगळी जुळणी करावी लागते.