रेड ग्रेंज आणि कॉलेज फुटबॉलमधल्या पैशाचं जुनं भांडण

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकी खेळ) सध्या पैशावरून रणकंदन चालू आहे. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हौशी खेळाची वाट लागली, अशी ओरड त्यावर होते आहे. शंभर वर्षांपूर्वी अगदी हीच ओरड झाली होती आणि तिचं कारण होता इलिनॉय विद्यापीठाचा लालसर केसांचा एक पोरगा, हॅरॉल्ड 'रेड' ग्रेंज.

त्या काळी कॉलेज फुटबॉलला जवळजवळ देवळाचा मान होता आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना काडीची किंमत नव्हती. एनएफएल या व्यावसायिक लीगची स्थापना १९२० मध्ये ओहायोतल्या कँटन गावी, मोटारींच्या एका शोरूममध्ये झाली. प्रेक्षक जेमतेम, खेळाडूला सामन्यामागे शंभरेक डॉलर. कॉलेजची पोरं खोट्या नावानं चोरून व्यावसायिक सामने खेळायची. असे खेळाडू उतरवल्याबद्दल ग्रीन बे पॅकर्सना १९२२ च्या सुरुवातीला लीगमधून काही काळ बाहेरही जावं लागलं. खुद्द इलिनॉयचे काही खेळाडू १९२१ मध्ये टेलरव्हिल आणि कार्लिनव्हिल या दोन गावांच्या पैजेच्या सामन्यात पैसे घेऊन उतरले आणि पकडले गेले. पुढच्याच वर्षी ग्रेंज विद्यापीठात दाखल झाला. म्हणजे सोवळं किती कडक होतं आणि किती वरवरचं, हे त्याला पहिल्यापासून दिसत होतं.

त्याचा जन्म १३ जून १९०३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या फोर्क्सव्हिलचा. तो पाच वर्षांचा असताना आई गेली आणि वडील मुलांना घेऊन इलिनॉयमधल्या व्हीटनला आले. सुट्टीत तो घरोघरी बर्फाच्या जड लाद्या खांद्यावरून पोचवायचा. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला 'व्हीटनचा आइसमॅन' करून टाकलं, ते त्यामुळेच.

त्याचं नाव देशभर झालं ते १८ ऑक्टोबर १९२४ ला. इलिनॉयच्या नव्या मेमोरियल स्टेडियमचं उद्घाटन, समोर बलाढ्य मिशिगन. दिवस उबदार होता म्हणून प्रशिक्षक बॉब झुपकी यांनी पोरांना लोकरीचे लांब मोजे काढून टाकायला लावले. उघड्या पायांना तेल तर फासलं नाही ना, म्हणून मिशिगनवाले पाय चाचपून गेले म्हणे! मग सामना सुरू झाला. पहिलीच किक ग्रेंजनं झेलली आणि ९५ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपार नेला. पाठोपाठ ६७, ५६ आणि ४४ यार्डांच्या धावा, प्रत्येक टचडाउनमध्ये संपलेली. सगळं मिळून बारा मिनिटांत. झुपकींनी त्याला मग विश्रांती दिली. नंतर परत येऊन त्यानं पाचवा टचडाउन केला आणि सहावा पास देऊन करवला. इलिनॉय ३९, मिशिगन १४.

इथे सी. सी. पाइल हा गृहस्थ येतो. विद्यापीठाच्या शँपेन गावात चित्रपटगृह चालवणारा, बोलण्यात पटाईत, आणि आता ग्रेंजचा व्यवस्थापक. वर्तमानपत्रं त्याला 'कॅश अँड कॅरी' (रोख मोजा, माल न्या) म्हणायची, यातच सगळं आलं. २१ नोव्हेंबर १९२५ ला ग्रेंज ओहायो स्टेटविरुद्ध शेवटचा कॉलेज सामना खेळला, पदवी अर्धवट सोडून एनएफएलमधल्या शिकागो बेअर्सशी करार केला आणि २६ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोत व्यावसायिक म्हणून उतरला. सामना ०-० असा रटाळ सुटला, पण पाहायला छत्तीस हजार लोक आले होते.

झुपकी भयंकर चिडले. ग्रेंजचं उत्तर साधं होतं: तुम्ही शिकवायचे पैसे घेता, मग मी खेळायचे घेतले तर काय बिघडलं? मला तरी यावर कोणी धड उत्तर दिलेलं आठवत नाही.

पाइलनं त्याला गावोगाव फिरवलं, अक्षरशः पिळून काढलं. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या घरात गर्दी झाली आणि कर्जात बुडालेले तिथल्या जायंट्स संघाचे मालक टिम मारा त्या एका सामन्यानं सावरले. पुढच्या वर्षी पाइलनं बेअर्समध्ये मालकीचा वाटा मागितला. बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी नकार दिला, तेव्हा त्यानं वेगळी लीगच काढली. ती एका हंगामात बसली. १९२७ मध्ये ग्रेंजचा गुडघा दुखावला आणि १९२८ चं पूर्ण वर्ष गेलं. परतला तेव्हा ती जुनी हुलकावणी उरली नव्हती. पण बेअर्सकडून १९३४ पर्यंत तो टिकला, बचावात चमकला आणि १९३२ व १९३३ च्या विजेत्या संघांत होता. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या १९६३ मधल्या पहिल्या तुकडीत त्याचं नाव आहे. १९९१ मध्ये फ्लोरिडात तो वारला.

कॉलेजवाल्यांच्या संतापापुढे नमतं घेत एनएफएलनं १९२६ मध्येच नियम केला: ज्याच्या वर्गाची पदवी झालेली नाही, त्या खेळाडूला घ्यायचं नाही. ग्रेंजमुळे गर्दी जमली ती लीगला हवी होती, दुसरा ग्रेंज मात्र नको होता. नियम पुढे सैल होत गेला, पण शाळा सोडल्यापासून तीन वर्षं थांबायची अट राहिलीच. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटनं तिला कोर्टात आव्हान दिलं; खालच्या कोर्टात जिंकला, २००४ मध्ये अपिलात हरला. त्यामुळे आज एकोणीस वर्षांचा खेळाडू कॉलेजात राहून लाखो डॉलर मिळवू शकतो, पण एनएफएलचं दार त्याला अजून बंदच आहे.