रक्त पातळ व्हायची गोळी

काकांची दाढ काढायची होती. इंजेक्शन भरता भरता डेंटिस्टबाईंनी विचारलं, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?"

"आहे ना. बारा वर्षं झाली."

"कशासाठी दिली होती?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकूकडे. काकू म्हणाली, "हार्टची आहे ती."

काकांना ॲटॅक कधी आलेला नाही, स्टेंट घातलेला नाही. बीपी आहे, थोडं कोलेस्टेरॉल आहे. गोळी 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. कुणीतरी कधीतरी लिहून दिली, मेडिकलवाला दर महिन्याला बीपीच्या गोळीबरोबर तिचाही पत्ता बांधत गेला, आणि डबीतल्या रात्रीच्या खणात ती पडत राहिली. दाढ त्याच दिवशी निघाली, गोळी न थांबवता. साध्या दाढेसाठी हल्ली ती सहसा थांबवत नाहीत. बाईंनी एक टाका घातला आणि कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायला लावला. पण तो "कशासाठी" माझ्या डोक्यातून जाईना.

मुळात नावच फसवं आहे. वरणात पाणी घालावं तसं या गोळीने रक्त पातळ होत नाही. कुठे जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट तिथे धावतात आणि थ्रोम्बॉक्सेन नावाचा पदार्थ सोडून बाकीच्या प्लेटलेटना हाक मारतात. सगळ्या एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. थ्रोम्बॉक्सेन तयार करायला एक विकर म्हणजे एन्झाइम लागतं. ॲस्पिरिन त्यालाच कायमचं निकामी करते. बाकीच्या पेशी नवं विकर बनवू शकतात, पण प्लेटलेटला केंद्रकच नसतं. एकदा मुकी झाली की तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती मुकीच राहते. डोकेदुखीला 300 मिलिग्रॅम किंवा जास्त लागणारं औषध इथे रोज 75 वर भागतं ते त्यामुळे.

म्हणजे या गोळीचा फायदा आणि तोटा अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली नाही तर फायदा. जठरातल्या बारीक जखमेवर झाली नाही तर तोटा. त्यात जठराच्या अस्तराला सांभाळणारे पदार्थही याच विकराच्या मदतीने तयार होतात, तेही कमी पडतात. "कोटिंगवाली आहे, पोटाला काही करत नाही" असं काउंटरवर सर्रास सांगतात. पण औषध रक्तातून सगळीकडे पोचतंच, त्यामुळे नुसत्या वेष्टनाने रक्तस्रावाचा धोका टळत नाही.

या गुणाची चाहूल लागलेल्यांपैकी एक होते कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे साधे फॅमिली डॉक्टर, लॉरेन्स क्रेव्हन. टॉन्सिल काढलेले त्यांचे पेशंट दुखू नये म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगगम चघळत, आणि त्यातल्या काहींना जास्तच रक्त येई. क्रेव्हननी स्वतः रोज बारा गोळ्या खाऊन पाहिल्या. पाच दिवसांत घोळणा फुटला. मग त्यांनी उलटा विचार केला: रक्त गोठणं कमी होत असेल, तर हृदयविकार टळेल. मध्यमवयीन पुरुषांना ते ॲस्पिरिन देऊ लागले, आणि हजारो पेशंटमध्ये ॲटॅक दिसला नाही असं 1950 च्या दशकात लिहिलं. तुलनेला गोळी न घेणारा गट मात्र ठेवला नव्हता, त्यामुळे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1957 मध्ये क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेले. यावरून ॲस्पिरिन निरुपयोगी ठरत नाही, जशी ती त्यांच्या पेशंटवरून उपयोगी ठरली नव्हती.

तुलना झाली 1980 च्या दशकात. अमेरिकेतल्या 22,071 डॉक्टरांवर (सगळे पुरुष, तेव्हाची तऱ्हाच तशी) चाचणी झाली. निम्म्यांना दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. ॲस्पिरिनच्या गटात हृदयविकार 44 टक्क्यांनी कमी! मथळे झाले, गोळी घरोघर पोचली. आता तेच आकडे माणसांत मोजून बघा. पाच वर्षांत खोट्या गोळीवर 239 जणांना ॲटॅक आला, ॲस्पिरिनवर 139 जणांना, आणि प्रत्येक गट अकरा हजारांचा. म्हणजे हजारात सुमारे 22 च्या जागी 13. नऊ जण वाचले, तेराजणांना गोळी घेऊनही आला, आणि उरलेल्या पावणेदहाशे माणसांना एरवीही येणार नव्हता. 44 टक्के खरे आहेत, पण ते कशाचे हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

2009 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्या एकत्र करून दोन वेगळे हिशेब मांडले. ज्यांना आधी ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, त्यांच्यात दरवर्षी हजारातल्या 82 जणांवर पुन्हा मोठं संकट येत होतं. ॲस्पिरिनने ते 67 वर आलं. ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांच्यात 5.7 वरून 5.1. गोळी तीच, पण पहिल्या गटात हजारी पंधरा जण वाचतात आणि दुसऱ्यात एकही पुरता नाही. रक्तस्राव मात्र दोन्हीकडे वाढतो.

2018 मध्ये काकांच्या वयाच्या लोकांचा निकाल आला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19,114 धडधाकट वयस्कांपैकी निम्म्यांना साधारण पावणेपाच वर्षं रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली. हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही. मोठा रक्तस्राव मात्र शंभरात 2.8 वरून 3.8 झाला. एक कारण वयाचं: जठर आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या नाजूक होतात. दुसरं मला जास्त पटतं. 1980 च्या दशकात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, नुकत्या बाजारात येत होत्या. आज बीपी आणि कोलेस्टेरॉल बाकीच्या गोळ्यांनीच बरंच आटोक्यात असतं. ॲस्पिरिनला वाचवायला फारसं उरलेलंच नसतं. 2022 मध्ये अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने साठीपुढच्या, हृदयविकार नसलेल्या माणसांना ती नव्याने सुरूच करू नका असं सांगितलं.

स्टेंट घातलेल्या, ॲटॅक येऊन गेलेल्या कुणी हे वाचून गोळी बंद करू नये. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीतली परकी धातूची जाळी, तिच्यावर गुठळी चढायला निमित्तच हवं असतं. काही झालेलं नसलं तरी आपल्या मनाने थांबवू नका, विचारून थांबवा.

काकांना घेऊन फिजिशियनकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "शौचाला कधी डांबरासारखं काळं झालंय?" नाही. "दुखण्याच्या गोळ्या?" काका म्हणाले, "अजिबात नाही."

"अहो, गुडघ्यासाठी घेता की!" काकू म्हणाली आणि पर्समधून पत्ता काढला. आयब्युप्रोफेन. आठवड्यातून तीन-चारदा, गेली दोन वर्षं. ती ॲस्पिरिनबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. शिवाय ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर त्याच विकराची जागा अडवून बसते आणि ॲस्पिरिनला शिरू देत नाही. म्हणजे काही दिवस काकांच्या वाट्याला नुसता तोटाच आला असणार.

डॉक्टरांनी दोन्ही बंद केल्या, बीपीची चालू ठेवली, गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि व्यायाम सांगितला. काका नाराज झाले. "म्हणजे बारा वर्षं उगाच घेतली?"

"ॲटॅक तर आला नाही ना तुम्हाला?"

"गोळीमुळे?"

"ते मलाही सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून नवी लिहायला घेतली. या वेळी प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे ते मराठीत.