मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि थेरपी: पुण्यात दोन्ही रांगांत एकदमच नंबर लावा

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. अशा वेळी बरेच पालक आधी प्रमाणपत्राच्या मागे लागतात. थेरपी नंतर बघू म्हणतात. त्यात मुलाचे सगळ्यात मोलाचे महिने जातात. सरकारी थेरपीसाठी प्रमाणपत्र लागत नाही.

थेरपी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी) असतं. पुण्यात ते औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांची चिठ्ठी असेल तर उत्तम, पण पथकाची वाट बघत बसू नका. केस पेपर काढून थेट जा.

रांग लांबते, कारण केंद्राच्या मूळ आखणीतच मानसशास्त्रज्ञ एक, वाचा-श्रवणतज्ज्ञ एक, फिजिओथेरपिस्ट एक. त्यातलं एक पद रिकामं राहिलं की जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांचं ते काम अडतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: कुणाची तारीख सगळ्यात लांबची आहे? ती आधी घ्या. तोवर घरी काय करून घ्यायचं, ते लिहून मागा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र-कार्ड)

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर करायचा. लागतं ते एवढंच: मुलाचं आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा, पालकांची माहिती आणि आधीचे रिपोर्ट. अर्ज इथेच अडकतो: आधारवर आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, किंवा आधारला जुना मोबाइल जोडलेला असतो आणि ओटीपी येतच नाही. दोन्ही आधी दुरुस्त करून घ्या. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं. निवडण्याआधी तिथे जाऊन विचारा, मुलांची तपासणी कोणत्या वारी असते आणि मानसशास्त्रज्ञ सध्या आहेत का. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमतेचे टक्के त्यांच्या चाचणीशिवाय ठरत नाहीत. खासगी रिपोर्ट सोबत न्या, पण त्यावरच टक्के मिळतील असं धरून चालू नका.

ऐकण्याच्या बेरा तपासणीला लहान मूल झोपलेलं लागतं. बसमध्ये झोप काढून आलेलं मूल तिथे टक्क जागं राहतं, तारीख फुकट जाते आणि पुन्हा रांग. त्या दिवशी पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावर पाजा. गुंगीचं औषध देणार असतील तर मात्र खाण्यापिण्याच्या वेळा त्यांनाच विचारा.

ऑक्टोबर २०२४ च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे. अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर बाद होतो, नव्याने भरावा लागतो. म्हणून पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपा आणि तारीख चुकली तर त्याच आठवड्यात जाऊन नवी घ्या. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० पासून पुढे निळं.

पाच वर्षांखालच्या मुलाला विकासातल्या विलंबासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि नूतनीकरणाचा अर्ज चार-पाच महिने आधीच टाका. चाचणीची रांग तेव्हाही तेवढीच असते.