सिझरनंतरचं दुखणं, बिचारी गाठ आणि बेडकाची जीभ

दिवाळीनंतर सुदामा नगरहून भाचीचा फोन आला, "मावशी, माझ्या पोटात गठान निघालीये." (आम्ही इंदूरकर घरात मराठीच बोलतो पण गाठीला गठानच म्हणतो, ते काही सुटत नाही.) सिझर होऊन पाच महिने झाले होते, टाक्याच्या उजव्या टोकाला दुखत होतं, खोकलं की, बाळाला उचललं की, कुशीवर वळलं की सुई टोचल्यासारखं, आणि मधूनच नुसती आग. सोनोग्राफी झाली, रिपोर्टात तीन सेंटीमीटरचा फायब्रॉइड आला आणि झालं, घरातल्या सगळ्यांना गुन्हेगार सापडला. सासूबाईंनी तर गाठ विरघळवणाऱ्या काढ्याची बाटलीही मागवली, व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली होती म्हणे.

मी डॉक्टर नाही, आयुष्यभर कॉलेजात झूलॉजी शिकवली. रविवारी पोहे-जिलबी घेऊन तिच्याकडे गेले आणि विचारलं, कुठे दुखतं गं नेमकं? तिने एक बोट ठेवलं. एकच बोट, एकाच जागी. तिथेच मला शंका आली की गुन्हेगार गाठ नसावी.

कारण गर्भाशय असं बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतच नाही. आतल्या अवयवांकडून मेंदूकडे जाणारे तंतू विरळ, आणि वेगवेगळ्या अवयवांचे तंतू मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे मेंदूला पत्ता नीट कळत नाही. बाई पूर्ण तळवा ओटीपोटावर फिरवते, "इथे सगळीकडे, आणि कंबरेत पण" म्हणते. बोटाने दाखवता येतं ते बहुतेक वेळा कातडी, स्नायू, पोटाची भिंत.

आता त्या गाठीची बाजूही मांडायला हवी. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली साधी गाठ, कॅन्सर नाही, आणि ती इतकी कॉमन आहे की पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना एखादी तरी झालेली असते, पुष्कळजणींना जन्मभर पत्ताही लागत नाही. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, आणि २०११ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना साधारण ७० टक्के गाठींमध्ये एकाच जीनमध्ये बिघाड सापडला, मेड-१२ त्याचं नाव. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोन्सवर ती पोसते.

आणि बाळंतपणानंतर ती बऱ्याचदा आपोआप लहान होते! बाळ बाहेर आल्यावर गर्भाशयाचं वजन जवळपास एक किलो असतं, सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येतं. पेशी मरून जातात असं नाही, प्रत्येक पेशी आपलंच प्रोटीन पचवून बारीक होते, आणि या आवराआवरीत गाठही बारीक होते. गरोदरपणात दिसलेल्या गाठींपैकी कितीतरी तीन-सहा महिन्यांनी सोनोग्राफीत दिसतच नाहीत. काढेवाल्यांचा धंदा नेमका इथे जमतो, बाळंतिणीला काहीही पाजा, गाठ लहान होणारच असते, श्रेय बाटलीला. पोट घट्ट बांधलं नाही तर वात शिरतो हेही तसलंच. गर्भाशय आकसतं ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे, बाळाने दूध ओढलं की तेच सुटतं, पट्टा बांधून उठता-बसताना आधार वाटत असेल तर जरूर बांधा पण वाताशी त्याचा काही संबंध नाही.

गाठ कधीच दुखत नाही असंही नाही हं. गरोदरपणात ती पटकन वाढते, रक्तपुरवठा कमी पडतो, शिरांमध्ये रक्त गोठतं आणि गाठ आतून मरायला लागते. कापली तर कच्च्या मांसासारखी लाल दिसते म्हणून त्याला रेड डीजनरेशन म्हणतात. हे जास्त करून गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत, कधी बाळंतपणानंतरच्या दिवसांत. भयंकर दुखतं, थोडा तापही येतो, मग दुखणं थांबवायच्या गोळ्या आणि आराम यावर बहुधा निभावतं. पण पाच महिन्यांनी, एका बोटाखाली, खोकल्यावर टोचणारं दुखणं या चित्रात बसत नाही.

मग आता टाक्याकडे बघू. आजकाल सिझरचा छेद आडवा, जघनाच्या हाडाच्या थोडा वर घेतात, जर्मनीच्या फॅननस्टील नावाच्या डॉक्टरने १९०० मध्ये सांगितलेला. टाका छान लपतो, हर्निया कमी होतो. पण त्याच भागात दोन्ही बाजूंनी कमरेच्या पहिल्या मणक्यापासून निघालेल्या दोन-दोन नसा पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून पुढे येतात. (नस म्हटलं की लोकांना रक्ताची नळी वाटते, मी मज्जातंतूबद्दल बोलतेय.) छेद कडेला जरा लांबला तर नस कापली जाते, नाहीतर टाक्याच्या धाग्यात अडकते, नाहीतर जखम भरताना जो चिवट व्रण बनतो त्यात आवळली जाते. यात डॉक्टरची चूकच असते असं नाही, नसा काही लाल रंगाच्या खुणा करून बसलेल्या नसतात.

कापलेल्या नसेचं पुढे काय होतं हे मला फार आवडतं. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या आणि पाहिलं की छेदाच्या पुढचा तुकडा, ज्या पेशीतून तंतू निघतो त्या मूळ पेशीपासून तुटलेला, काही दिवसांत विस्कटून जातो. पण मणक्याजवळची मूळ पेशी जिवंत असते. ती तुटलेल्या टोकातून नवे कोंब सोडते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पुढची वाट सापडली तर ठीक, व्रणात वाट चुकली तर कोंबांचा गुंता होतो, त्याला न्यूरोमा म्हणतात. आणि आता खरी गंमत. नसेत सिग्नल पळतो तो तंतूच्या पडद्यातल्या सोडियमच्या दारांमुळे (त्यांतून सोडियम आत शिरतो), ही दारं म्हणजे प्रोटीनची, माणसात त्यांचे नऊ प्रकार, मूळ पेशीत बनतात आणि तंतूतून वाहत खाली जातात, वाटेवर ठिकठिकाणी बसतात. तंतूच तुटलेला असेल तर ती टोकाला येऊन साचतात. एका जागी इतकी दारं झाली की पडद्याच्या आतला उणे ७० मिलिव्होल्टचा ताण जरा हलला तरी ती धडाधड उघडतात, एकाने दुसरं, दुसऱ्याने तिसरं, आणि काही लागलेलं नसताना तिथूनच सिग्नल सुटतो. मेंदूला काय कळणार, त्याच्या दृष्टीने कातडीच जळतेय. असे सिग्नल महिनोन्‌महिने येत राहिले तर मणक्यातल्या पेशीही हळव्या होतात आणि परकराची नाडीसुद्धा टोचायला लागते. (इथपर्यंत वाचलंत ना? माझे विद्यार्थी सोडियमच्या दारांपाशी झोपायचे.)

हे ओळखायची युक्ती मात्र अगदी साधी. फिलाडेल्फियाच्या कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ मध्ये लिहिलेली. पेशंटला आडवं झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबायचं आणि तसंच दाबून ठेवून तिला डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू कडक होतात. पोह्यांच्या पातेल्यावर झाकण घट्ट बसवलं की बोट पोह्यांपर्यंत जात नाही, तसं दुखणं आत असेल तर ते कमी होतं. पण पोचा झाकणालाच असेल तर? तेवढंच किंवा जास्त दुखतं. भाचीच्या डॉक्टरीणबाईंनी हेच केलं, आणि ती ओरडलीच. शंभर टक्के खात्रीची टेस्ट नाही, घरी करून निदान ठोकू नका, पण मशीन लागत नाही आणि अर्धा मिनिटही नाही.

दुसरी कारणंही असतात. दर पाळीला टाक्यात गाठ फुगून दुखत असेल तर गर्भाशयाचं अस्तर टाक्यात रुजलेलं असू शकतं. पाळीनंतर चार दिवस डाग पडत राहिले तर गर्भाशयावरच्या व्रणात खाच राहिलेली असू शकते. आतडी-गर्भाशय चिकटल्यानेही ओढ बसते. आणि ताप, घाण वासाचा स्राव, जास्त रक्त जाणं किंवा एका पोटरीला सूज असेल तर लेख वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात १०० पैकी २१.५ बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४. सिझरनंतर वर्षभराने साधारण दहातल्या एकीला काही ना काही दुखत राहतं. म्हणजे प्रत्येक गल्लीत एखादी तरी, आणि तिला सगळे सांगतात, सिझर म्हटलं की एवढं चालायचंच.

भाचीला त्या जागी लिग्नोकेनचं, म्हणजे बधिर करायच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं, ते ही सोडियमची दारंच बंद करतं. दहा मिनिटांत दुखणं गेलं, म्हणजे निदानही पक्कं झालं. महिन्याभराने थोडं परत आलं, दुसरं दिलं, आता बाळाला एका हाताने उचलते. गाठीला कोणी हात लावला नाही, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करायची आहे. टाक्याच्या वर तळहाताएवढी जागा मात्र अजून बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. आणि आग होत होती ती त्याच्या बोटभर बाजूला. "जिथे काही कळत नाही तिथलीच नस दुखते कशी गं मावशी?" म्हणाली, मग मी तिला बेडकाच्या जिभेपासून सुरुवात केली.