डेकलखाली चांदी येते कुठून?

गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, 1998 साली सुरू झालेलं. तिथलं सी हॅरियर पाहून आलेल्या पोराला घरी त्याचं मॉडेल करावंसं वाटलं नाही तरच नवल. 1983 साली नौदलात आलेल्या या विमानाला 2016 साली दाबोळीच्याच तळावर निरोप मिळाला. पण किट आणलं की पंचाईत होते, कारण आतल्या खुणा बहुतेक वेळा ब्रिटिश नौदलाच्या असतात. आपलं केशरी-पांढरं-हिरवं चक्र आणि हॅरियरच्या 'व्हाइट टायगर्स' तुकडीचा वाघ मग घरच्या प्रिंटरवरच डेकल म्हणून, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचं पातळ चित्र म्हणून, छापावा लागतो.

छापलं, कापलं, पाण्यात भिजवून चिकटवलं. रात्री झकास दिसतं. सकाळी पाहावं तर चक्राच्या कडेला चंदेरी, धुरकट डाग. जाणकार लगेच सांगतात, "डिंक कमी पडला, थोडं फेव्हिकॉलचं पाणी लाव." बिचाऱ्या डिंकाला उगाच बोल लागतो.

डेकलचा कागद तीन थरांचा असतो. खाली साधा कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डेक्स्ट्रिनचा लेप, आणि त्यावर पारदर्शक लाखेची पातळ फिल्म. डेक्स्ट्रिन म्हणजे भाजून तोडलेला स्टार्च. पाणी कागदातून वर चढतं, लेप विरघळतो आणि शाईसकट फिल्म सरकते. च्युइंगमबरोबर मिळणारे टॅटू याच गोत्रातले. त्यांत एलएसडी हे अमली द्रव्य असल्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतो. ही अफवा 1980 च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पानांवरून हिंडत होती आणि तिला तेव्हाही पुरावा नव्हता.

कागद निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढरं दिसतं ते कागदाचं. शिवाय शाया पारदर्शक असतात. उजेड शाईतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावरून परततो, तेव्हा रंग दिसतो. पारदर्शक डेकल गडद करड्या पंखावर लावलं तर परतायला उजेडच उरत नाही. केशरी मातकट होतं, हिरवं काळवंडतं आणि मधलं पांढरं कडं गायब. म्हणून चक्र पांढऱ्या डेकल कागदावर छापून अगदी कडेनं कापायचं आणि काळी अक्षरं पारदर्शकवर घ्यायची. इंकजेटचा कागद झेरॉक्सवाल्याच्या लेझर मशीनमध्ये मात्र घालू नका. तिथला रोलर 200 अंशांच्या आसपास तापतो. फिल्म वितळून त्याला चिकटली तर तुमची त्या दुकानातली पत संपली.

आता चांदीकडे वळू. करडा मॅट रंग बोटाला गुळगुळीत लागतो, पण त्यात चकाकी घालवण्यासाठी सिलिकाचे बारीक कण घातलेले असतात आणि त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत असतो. पावसाळ्याआधी नळ्यांच्या छपरावर ताडपत्री घातली की ती फक्त उंचवट्यांवर टेकते, तशी फिल्म कणांच्या माथ्यावर टेकते. मधल्या खाचांत आधी पाणी असतं. ते सुकलं की तिथं हवा येते.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा काही भाग सीमेवरूनच परततो. किती, ते दोघांच्या अपवर्तनांकांवर, म्हणजे प्रकाश त्यांत किती मंदावतो ते सांगणाऱ्या अंकांवर, ठरतं. समोरून येणाऱ्या उजेडासाठी हिशेब सोपा आहे: अंकांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि त्याचा वर्ग. फिल्मचा अंक सुमारे 1.5, हवेचा 1. म्हणजे 0.5 भागिले 2.5, वर्ग 0.04. चार टक्के उजेड परतला. हवेखाली रंगाचा थर आहे, त्याचाही अंक 1.5 च्या जवळपास, तेव्हा आणखी जवळजवळ चार टक्के. गडद करडा रंग स्वतःच थोडा उजेड परतवतो. त्यात हे आठ टक्के मिसळले, तेही खडबडीतपणामुळे सगळीकडे विखुरलेले, की डोळ्याला चांदी दिसते.

हवेऐवजी पाणी धरा. त्याचा अंक 1.33. वजाबाकी 0.17, बेरीज 2.83, वर्ग केला की 0.0036. एका सीमेवरून अर्धा टक्कासुद्धा उजेड परतत नाही. म्हणून ओलं डेकल फसवतं: रात्री पोकळ्या होत्याच, फक्त पाण्यानं झाकलेल्या. फेव्हिकॉलच्या पाण्यानं कधी कधी फरक पडतो तोही याचमुळे; सुकल्यावरही त्याचा थोडा भाग खाचेत राहून हवेची जागा अडवतो.

तेव्हा डेकलच्या जागी आधी ग्लॉस वार्निश मारून खाचा बुजवाव्यात. कडा उचलत असतील तर फिल्म मऊ करायला पांढरं, पाणी घातलेलं व्हिनेगर ब्रशनं लावावं. त्यातलं अॅसिटिक आम्ल फिल्ममध्ये थोडं शिरतं आणि ती रिव्हेटवर बसते. माडाच्या सुरेचं व्हिनेगर सोरपोतेलसाठी ठेवा, त्याचे डाग राहतात. डाग आधीच पडले असतील तर सुईच्या टोकानं भोकं पाडून व्हिनेगर आत जाऊ द्यायचं. त्यासाठी 'नॅनो' छापलेल्या महागड्या बाटल्यांची गरज नाही.

गोव्यात आणखी एक भानगड आहे. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, म्हणून भिजवण्याआधी छापलेल्या पानावर सॉल्व्हंटचा क्लिअर स्प्रे मारावाच लागतो, हलक्या हातानं दोन-तीन वेळा. उडून जाणारं सॉल्व्हंट पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. जुलैत हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू सुमारे 25 अंश, म्हणजे पान दोन अंश गार झालं की त्यावर दव. थेंब ओल्या लाखेत अडकतात आणि पान दुधाळ होतं. डिसेंबरच्या दुपारी 30 अंश आणि 60 टक्क्यांना दवबिंदू 21 च्या आसपास असतो, तिथं हा धोका फार कमी. चतुर्थीआधी मॉडेल पुरं करायचंच असेल तर पाने मे महिन्यातच छापून, स्प्रे मारून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत.

डेकल बसलं की ओल्या कापसानं भोवतालचा डेक्स्ट्रिन पुसायचा, नाहीतर पिवळट कडं उमटतं. दुसऱ्या दिवशी वरून मॅट वार्निश. त्यातही सिलिकाच असतं, पण आता खडबडीतपणा फिल्मच्या वर आहे, खाली नाही. तिथं उजेड विखुरला की हॅरियरचा अंगचा निस्तेज करडा रंग येतो आणि डेकलची कड नजरेत भरत नाही.