एसडी आणि एचडी एकाच टाइमलाइनवर: फरक फक्त पिक्सेलच्या संख्येचा नाही

जुन्या टेपवरचं एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन) फुटेज आणि नव्या कॅमेऱ्यातलं एचडी (हाय डेफिनिशन) एकाच व्हिडिओत घ्यायचं ठरलं, की बहुतेकांचा समज असा असतो: एसडी लहान, एचडी मोठं, तर लहान ओढून मोठं केलं की झालं. आकडेही तसंच सांगतात. पाल या भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या ७२०×५७६ फ्रेममध्ये ४,१४,७२० पिक्सेल असतात आणि १९२०×१०८० मध्ये २०,७३,६००, म्हणजे बरोबर पाचपट. अमेरिका-जपानमधल्या एनटीएससी पद्धतीच्या ७२०×४८० शी ताडून पाहिलं तर बरोबर सहापट. पण मोजमापातला हा फरक कुठलाही एडिटिंग प्रोग्रॅम आपोआप सांभाळतो. व्हिडिओ बिघडतो तो दुसऱ्याच कारणांनी: एसडीचा पिक्सेल चौरस नसतो, त्याची फ्रेम बहुधा दोन तुकड्यांत टिपलेली असते आणि त्याच्या रंगांचं गणित एचडीपेक्षा वेगळं असतं.

आधी पिक्सेल घेऊ. १९२०×१०८० किंवा १२८०×७२० मध्ये पिक्सेल चौरस धरलेला असतो, त्यामुळे लांबी-रुंदीचं गुणोत्तर थेट आकड्यांतून निघतं: १६:९. एसडीत तसं नाही. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतं, ना ४:३, ना १६:९. पालच्या ४:३ चित्रात पिक्सेल किंचित रुंद दाखवावा लागतो, एनटीएससीच्या ४:३ चित्रात किंचित अरुंद. आणि तेच ७२०×५७६ वाइडस्क्रीन रेकॉर्डिंगलाही वापरलं जातं; तिथे पिक्सेल बराच जास्त रुंद ताणायचा असतो. म्हणजे फाइलचं मोजमाप पाहून चित्र ४:३ आहे की १६:९, हे कळायला मार्ग नाही. फाइलमधली खूण खरं सांगत असेल तर ठीक, नाहीतर माणसं एकतर जाडजूड दिसतात किंवा उंच सडपातळ. फ्रेममध्ये गाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ शोधा. ते गोल दिसलं पाहिजे. मेन्यूतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा या चाचणीवर माझा जास्त विश्वास आहे.

उलट्या बाजूचाही एक सापळा आहे. एचडीव्ही (एचडी टिपणाऱ्या जुन्या कॅमकॉर्डरच्या) टेपवर फ्रेम १४४०×१०८० अशी साठवलेली असते, पण ती १६:९ आहे; दाखवताना पिक्सेल १.३३ पट रुंद करायचा असतो. ४:३ चं एसडी चित्र एचडी फ्रेमच्या पूर्ण उंचीला आणलं तर तेही १४४०×१०८० च होतं, आणि तिथे पिक्सेल चौरस असतो. आकडे तेच, चित्रं दोन निराळी.

शिवाय पालच्या ७२० पैकी खरं चित्र सुमारे ७०२ पिक्सेलमध्येच असतं, दोन्ही कडांना थोडी काळी किनार सुटते. म्हणून काही प्रोग्रॅम पिक्सेलची रुंदी १.०७ धरतात, काही १.०९. १.०९ चा हिशोब धरला तर १०८० उंचीला रुंदी १४४० ऐवजी सुमारे १४७३ येते. दोन प्रोग्रॅममधून आलेले तुकडे शेजारी ठेवले की चेहरा किंचित बदलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. व्हीएचएसवरून आलेलं फुटेज असेल तर चित्राच्या तळाशी काही ओळी फाटल्यासारख्या थरथरतात. जुन्या टीव्हीची चौकट त्या झाकून टाकायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या उघड्या पडतात. कडा कापून मगच मोठं करावं.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट: इंटरलेसिंग. पाल एसडीत सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम नसतात, ५० फील्ड असतात. एका फील्डमध्ये सम ओळी, पुढच्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. प्रत्येक फील्डमध्ये जेमतेम २८८ ओळी. अशी फ्रेम तशीच ओढून १०८० ला नेली, की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते उमटतात. एकदा मिसळल्या की त्या सोडवता येत नाहीत. म्हणून आधी डिइंटरलेस, म्हणजे फील्डमधून पूर्ण फ्रेम बनवणं, आणि मग स्केल, म्हणजे मोठं करणं. हा क्रम उलटला की पुढची सगळी मेहनत वाया.

डिइंटरलेस करतानाही निवड असते. प्रोजेक्ट सेकंदाला ५० फ्रेमचा असेल तर प्रत्येक फील्डमधून एक पूर्ण फ्रेम बनवता येते आणि हालचालीचा गुळगुळीतपणा टिकतो. २५ चा असेल तर निम्मे क्षण सोडावे लागतात. जुन्या टेपचा जिवंतपणा मला त्या गुळगुळीत हालचालीतच दिसतो, त्यामुळे जमेल तिथे मी ५० च निवडेन. एडिटिंग प्रोग्रॅममधलं एका क्लिकचं डिइंटरलेस अनेकदा सरळ एक फील्ड फेकून देतं. त्यापेक्षा एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममधले याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर बरे, आणि वेळ हाताशी असेल तर क्यूटीजीएमसी ही संथ पद्धत.

एचडीही इंटरलेस्ड असू शकतं; १०८०आय म्हणजे तेच. पण डीव्ही (डिजिटल एसडी) टेपवर खालचं फील्ड आधी येतं आणि १०८०आय मध्ये वरचं. हा क्रम चुकला तर हलणारी वस्तू पुढे-मागे झटके देत चालते. स्थिर दृश्यात मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणी नेहमी हालचाल असलेल्या शॉटवर करावी.

रंगांची गोष्ट त्यामानाने छोटी, पण फसवी. एसडी बीटी.६०१ या मानकाने चालतं, एचडी बीटी.७०९ ने. उजेडाच्या हिशोबात ६०१ हिरव्याला सुमारे ५९ टक्के वाटा देतं, ७०९ सुमारे ७२ टक्के. एसडी क्लिप मोठी केली पण रंग रूपांतरित केले नाहीत, तर प्लेअर तिला एचडी समजून ७०९ ने वाचतो. मग लाल नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा काळवंडतो. अनेकजण ही टेपची झीज समजून कलर करेक्शनला बसतात आणि नसलेला दोष दुरुस्त करत राहतात.

राहिला फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. २९.९७ चं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) टाकलं तर सेकंदाला जवळपास पाच फ्रेम गळतात आणि कॅमेरा फिरताना अडखळल्यासारखा दिसतो. मोबाइलचं एचडी फुटेज अनेकदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं. ते आधी स्थिर रेटमध्ये बदलून घ्यावं, नाहीतर आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात.

मग टाइमलाइन कुठली घ्यायची? व्हिडिओ इंटरनेटवर जाणार असेल तर एचडी. त्यात ४:३ चित्र पूर्ण उंचीला बसवलं की दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. राहू द्याव्यात. पट्ट्या नकोत म्हणून चित्र रुंदीभर ओढलं तर उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात आणि वाढ १.८७५ पटीवरून २.५ पटीवर जाते. आधीच मऊ असलेलं चित्र आणखी पातळ होतं, वर डोकी कापली जातात ती वेगळीच. त्याच चित्राची धूसर प्रत मागे पसरवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला तरी आवडत नाही. नजर मधल्या चित्रावर ठरत नाही.

एसडी टाइमलाइनला आज एकच भक्कम कारण आहे: डीव्हीडी. डीव्हीडी-व्हिडिओत एचडी बसतच नाही. एचडी लहान करणं सोपं वाटतं, पण तिथेही एक अडचण आहे. बारीक आडव्या रेषा, म्हणजे शर्टाचे पट्टे किंवा छोटी अक्षरं, इंटरलेस्ड एसडीत लुकलुकतात. उभ्या दिशेने किंचित ब्लर द्यावा लागतो. आणि १६:९ चं चित्र ४:३ च्या फ्रेममध्ये पट्ट्यांसह ठेवलं तर ५७६ पैकी ४३२ ओळीच वापरात येतात, म्हणून प्रोजेक्ट वाइडस्क्रीन एसडीचा घ्यावा. एक फायदा मात्र खरा: एचडी क्लिपमध्ये भरपूर जागा असते, त्यामुळे शॉट जवळ आणला तरी एसडीत तो धूसर होत नाही.

दोन्ही फुटेज शेजारी आलं की एसडी मऊ दिसणारच. तिथे शार्पनेस वाढवण्याचा मोह होतो. एसडी कॅमेरे कडांना आधीच धार लावून ठेवायचे. त्यावर आणखी शार्पन केलं की प्रत्येक कडेभोवती पांढरी झालर उमटते. त्यापेक्षा डिइंटरलेसनंतर आणि मोठं करण्याआधी नॉइज (चित्रातली खरखर) कमी करावा, कारण मोठा झालेला नॉइज डागांसारखा दिसतो. सगळं झाल्यावर एसडी आणि एचडी दोन्हींवर एकसारखा बारीक ग्रेन (फिल्मसारखे कण) टाकला तर जोड बराच लपतो. एआय अपस्केलिंग इमारती, झाडं यांवर चांगलं चालतं. चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं यांत ते नसलेला तपशील स्वतः रचतं, त्यामुळे माहितीपटातल्या जुन्या चित्रणावर ते वापरायचं असेल तर प्रत्येक चेहरा मूळ क्लिपशी ताडून पाहावा. आणि ती मूळ एसडी फाइल पुसू नये. डिइंटरलेसची आणखी चांगली पद्धत हाती आली, तर सुरुवात पुन्हा तिथूनच करावी लागेल.