मध्यस्थीची प्रार्थना (ख्रिस्ती धर्म)

मध्यस्थीची प्रार्थना : ख्रिस्ती धर्मात दुसऱ्यासाठी देवाकडे केलेली रदबदली. प्रार्थना करणारा इथे स्वतःचे गाऱ्हाणे मांडत नाही. आजारी, संकटात सापडलेले, राज्यकर्ते, वैरी आणि काही पंथांत मृतसुद्धा, अशांची बाजू घेऊन तो देवापुढे उभा राहतो. दुसऱ्यासाठी प्रार्थना करावी, याबद्दल ख्रिस्ती पंथांत दुमत नाही. वाद आहे तो स्वर्गवासी संतांना ‘आमच्यासाठी विनंती करा’ असे म्हणावे की नाही, याबद्दल.

या प्रथेची मुळे बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात आहेत आणि तिथली मध्यस्थी बरीच धीट आहे. त्यातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सदोम नगर वाचावे म्हणून अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. नगरात 50 नीतिमान सापडले तर, इथून सुरुवात करून तो 10 वर येऊन थांबतो. तेवढेही सापडत नाहीत. नगर भस्म होते, पण अब्राहामाची आठवण ठेवून देव त्याचा पुतण्या लोट याला वाचवतो. ‘निर्गम’ या पुस्तकात इस्राएली लोकांनी पूजेसाठी सोन्याचे वासरू केल्यावर त्यांचा नेता मोशे देवाला त्याच्याच वचनाची आठवण देतो, मिसरी लोक काय म्हणतील असेही विचारतो आणि शेवटी, क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव खोडून टाक, इथवर जातो. महायाजकाच्या (मुख्य पुरोहिताच्या) ऊरपटावर, म्हणजे छातीवरच्या पट्टावर, इस्राएलाच्या 12 वंशांची नावे रत्नांवर कोरलेली असत. देवासमोर जाताना तो सगळ्या लोकांना छातीवर घेऊनच जाई. मात्र प्रत्येक रदबदली ऐकली जातेच, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. यिर्मया या संदेष्ट्याला तर या लोकांसाठी प्रार्थनाच करू नको, असे बजावले जाते. आता मोशे आणि शमुवेल समोर उभे राहिले तरी माझे मन वळणार नाही, असे देव सांगतो.

नव्या करारात ही भूमिका येशूकडे येते. तो आपला शिष्य पेत्र याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना करतो, वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार तो आजही देवाजवळ आपल्या लोकांसाठी मध्यस्थी करत आहे. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी विनंती करतो, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो. पुढच्या साऱ्या वादाचे बीज तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. पहिल्या वचनात सर्व माणसांसाठी विनंत्या करण्याचा आग्रह आहे, तर पाचव्यात देव आणि माणसे यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असे ठाम विधान आहे. दोन्ही वचने शेजारीच आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याला त्यांत विसंगती वाटली नसावी. मात्र दोन्ही बाजूंच्या वादपटूंनी बहुधा आपल्या सोयीचे एकेकच वचन पुढे केले.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत चर्चचे सभासदत्व मरणाने तुटत नाही. जिवंत बांधवाला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणता येते, तर स्वर्गातल्या बांधवालाही म्हणता येते, असा हा युक्तिवाद आहे. संतांची नावे ओळीने घेऊन केल्या जाणाऱ्या संतमालेच्या प्रार्थनेत देव आणि संत यांच्यातला भेद स्पष्ट ऐकू येतो. देवाला उद्देशून भाविक ‘आमच्यावर दया कर’ म्हणतात, तर मरिया आणि संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हाच विचार चित्रांत उतरला आहे. मध्ये ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना किंचित झुकून विनवणारे मरिया व बाप्तिस्मा करणारा योहान, अशी ही रचना असते.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी यावर आक्षेप घेतला. लूथरपंथीयांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राने संतांचे स्मरण मान्य केले, त्यांचा धावा नाकारला. त्याच्या समर्थनार्थ 1531 मध्ये निघालेल्या ग्रंथात, स्वर्गातले संत चर्चसाठी प्रार्थना करतात हे लूथरपंथीयांनी मान्यही केले. पण म्हणून त्यांना हाक मारावी असे ठरत नाही, आणि तशी आज्ञा पवित्र शास्त्रात नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1563 मध्ये संतांची विनवणी चांगली व उपयुक्त असल्याचे उत्तर दिले. त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, मरियेच्या मध्यस्थीने ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थपदाला कसलाही उणेपणा येत नाही, असा खुलासा केला.

देव सर्वज्ञ आहे, मग त्याला सांगायचे कशाला, हा प्रश्नही जुनाच आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या मते प्रार्थना देवाचा संकल्प बदलण्यासाठी नसते. काही गोष्टी प्रार्थनेच्या द्वारेच द्यायच्या, असे त्या संकल्पातच ठरलेले असते. सदोमची घासाघीस वाचताना हे उत्तर जरा फारच नीटनेटके वाटते.

सामुदायिक उपासनेत या प्रार्थनेला ठरलेली जागा आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने केलेल्या उपासनेच्या वर्णनातही सर्वांसाठीची सामायिक प्रार्थना येते. कॅथलिक विधीत शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) चर्चपासून नास्तिकांपर्यंत 10 गटांसाठी क्रमाने विनंत्या होतात. यहुद्यांसाठीच्या विनंतीत त्यांना लावलेले दूषण 1959 मध्ये वगळण्यात आले. 1970 च्या मजकुरात, देवाच्या करारावरील त्यांची निष्ठा वाढत राहो, असे मागणे आले.